जेम्स औट्रम

सर जेम्स औट्रम (जन्म : बटरली हॉल, डर्बीशायर, इंग्लंड, २९ जानेवारी १८०३, मृत्यू : पो, फ्रान्स, ११ मार्च १८६३) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी व राजनैतिक प्रतिनिधी होता. खानदेशातील धरणगाव येथे त्याने भिल्ल पलटण उभी केली आणि १८२५ ते १८३५ अशी सुमारे दहा वर्षे तेथे काढली. पुढे पहिले अफगाण युद्ध, सिंधची मोहीम, कोल्हापूर व सावंतवाडी भागांतील गडकऱ्यांचे बंड, इराणचे युद्ध आणि १८५७ चा लखनौचा वेढा या प्रसंगांत त्याचा प्रत्यक्ष सहभाग होता. सिंध बळकावण्यास त्याने उघड विरोध केला. मात्र १८५६ मध्ये अवध खालसा करण्याची कार्यवाही त्याच्याच हातून झाली. या दोन्ही घटनांवर त्या काळी इंग्लंडमध्ये आणि पुढे भारतात जे उपहासपर लेखन झाले, त्यामुळे लष्करी इतिहासाबाहेरही त्याच्या कारकिर्दीची चर्चा होत राहिली आहे.

बालपण आणि शिक्षण

जेम्सचे वडील बेंजामिन औट्रम हे कालवे व घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचे लोहमार्ग बांधणारे नामांकित अभियंते होते. बटरली येथील लोखंडाच्या कारखान्याच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १८०५ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले व कुटुंबावर आर्थिक संकट कोसळले. आई मार्गारेट ही शेतीविषयक लेखन करणारे स्कॉटिश विद्वान जेम्स अँडरसन यांची कन्या होती. ती मुलांना घेऊन स्कॉटलंडमध्ये गेली. जेम्सचे शालेय शिक्षण ॲबर्डीनजवळील उडनी येथे व त्यानंतरचे शिक्षण ॲबर्डीनच्या मारिशल महाविद्यालयात झाले. १८१९ मध्ये कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून त्याची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी तो मुंबईस आला. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. पुण्याच्या छावणीत देशी पायदळाच्या पलटणीत त्याची उमेदवारी सुरू झाली व लहान वयातच त्याला ॲडज्युटंटचे काम मिळाले.

१८२४ च्या डिसेंबरात कित्तूर येथे राणी चन्नम्मा हिच्या संस्थानाविरुद्ध कंपनीने मोहीम काढली. आजारपणाच्या रजेवर असलेला औट्रम तीत स्वेच्छेने सामील झाला. पुढच्याच वर्षी बागलाणातील मुल्हेर परिसरात डोंगरी किल्ल्याचा आश्रय घेतलेल्या बंडवाल्यांवर त्याने मोजक्या सैन्यानिशी अचानक चाल केली व त्यांची पांगापांग केली. या कामगिरीमुळे मुंबईचा गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे त्याच्याकडे लक्ष गेले.

खानदेशातील परिस्थिती

१८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या अंमलाखाली आला, तेव्हा तो अत्यंत उद्ध्वस्त प्रांत होता. होळकरांच्या फौजांची धुळधाण, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांच्या धाडी यांमुळे अनेक गावे ओस पडली होती. सातपुडा, सातमाळा आणि डांगच्या डोंगरांतील भिल्ल नाईकांकडे घाटवाटांची राखण करण्याचा पिढीजात हक्क होता. त्याबद्दल त्यांना वाटसरूंकडून व गावांकडून ठरावीक वसुली मिळे. गावोगावचे भिल्ल रखवालीचे काम करीत. राज्ये बदलत गेली तसे हे हक्क बुडाले वा अनियमित झाले आणि रखवालदारच लुटारू म्हणून ओळखले जाऊ लागले.

खानदेशचा पहिला राजकीय प्रतिनिधी जॉन ब्रिग्ज याने काही नाईकांना तनखे बांधून दिले व इतरांवर फौजा धाडल्या. सातमाळ्यातील चिल नाईक याला पकडून फाशी देण्यात आले. घाटांच्या तोंडांशी चौक्या बसल्या आणि डोंगरात जाणारे धान्य अडवण्यात आले; तरी बंड शमले नाही. एक टोळी मोडली की दुसरी उभी राही, तर मैदानी प्रदेशातून आलेले कंपनीचे शिपाई डोंगरातील हिवतापाने आजारी पडत. सात वर्षांच्या या अनुभवानंतर एल्फिन्स्टनने धोरण बदलले. १८२५ मध्ये प्रांतात तीन भिल्ल एजन्सी स्थापण्यात आल्या. एजंटांनी भिल्लांच्या तक्रारी ऐकाव्यात, बुडालेले हक्क नोंदवावेत, शेतीसाठी जमीन व तगाई द्यावी, असे ठरले. त्याबरोबरच भिल्लांमधूनच एक पलटण उभारण्याचा निर्णय झाला. हे काम बावीस वर्षांच्या औट्रमकडे सोपवण्यात आले.

धरणगाव आणि भिल्ल पलटण

धरणगाव हे कापडाच्या व्यापारामुळे सतराव्या शतकापासूनच इंग्रजांना परिचित होते; त्या काळी त्यांची तेथे वखारही होती. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधल्या सपाटीवरील हे गाव भिल्ल पलटणीचे ठाणे झाले.

भिल्लांमधून सैनिक मिळतील, यावर आरंभी फारसा कोणाचा विश्वास नव्हता. जे सरकार भावाबंदांना पकडते व फासावर चढवते, त्याच्या छावणीत पाऊल टाकायला भिल्ल तयार नव्हते. भरतीच्या निमित्ताने बोलावून सर्वांना एकदम कैद करण्याचा हा डाव आहे, असाही त्यांचा समज होता. औट्रमने प्रथम डोंगरातील एका टोळीवर छापा घालून काही जणांना पकडले व त्या कैद्यांच्या नातलगांमार्फत बोलणी सुरू केली. पलटणीचे पहिले नऊ रंगरूट या संबंधांतूनच मिळाले. नंतर तो पहारा न घेता भिल्लांच्या वस्त्यांत जाऊन राहू लागला, त्यांच्याबरोबर शिकारीस जाऊ लागला आणि आजारी माणसांची विचारपूस करू लागला. पगार ठरल्या दिवशी मिळतो आणि दिलेला शब्द पाळला जातो, हे दिसल्यावर भरती वाढत गेली. दोन-तीन वर्षांत नऊ जणांची ही तुकडी काही शे शिपायांची शिस्तबद्ध पलटण झाली.

सैन्यातील जातिभेद ही दुसरी अडचण होती. देशी पायदळात उच्चवर्णीय शिपायांचा भरणा असे आणि भिल्लांबरोबर एका पंगतीस बसणे तर दूरच, त्यांना शिपाई म्हणून ओळखणेही अनेकांना अवघड होते. अशा स्थितीत औट्रमच्या मूळ पलटणीतील शिपायांनी मालेगावच्या छावणीत भिल्ल शिपायांची भेट घेऊन त्यांना पानसुपारी दिल्याची नोंद आहे. नव्या पलटणीचा आत्मविश्वास वाढण्यास या प्रसंगाचा मोठा उपयोग झाला, असे त्या काळच्या अधिकाऱ्यांचे मत होते.

शिकार हे औट्रमचे आवडते साधन होते. तापी खोऱ्यातील व डोंगरांच्या पायथ्याची रानेवने तेव्हा वाघांनी भरलेली होती. खानदेशातील दहा वर्षांत त्याच्या उपस्थितीत १९१ वाघ मारले गेले, असा आकडा त्याच्या चरित्रात दिला आहे. जखमी वाघाच्या मागावर पायी जाण्याच्या त्याच्या सवयीमुळे भिल्लांमध्ये त्याच्याविषयी दरारा व आपुलकी निर्माण झाली.

भिल्ल पलटणीचे प्रत्यक्ष काम मात्र भिल्लांच्याच टोळ्यांचा बंदोबस्त करण्याचे होते. १८३० मध्ये डांगच्या राजांविरुद्ध काढलेल्या मोहिमेचे नेतृत्व औट्रमने केले. तोवर बाहेरच्या फौजांना अपरिचित असलेला तो प्रदेश काही दिवसांतच कंपनीच्या ताब्यात आला. पुढच्या वर्षी यावल व सावदा भागांतील दरोड्यांच्या तपासात त्याने शेकडो संशयितांना पकडले. या कामांत वाटाडे, माग काढणारे आणि शिपाई हे सर्व प्रामुख्याने भिल्ल होते. डोंगराची माहिती असणाऱ्या माणसालाच डोंगराच्या पहाऱ्यावर बसवण्याची ही जुनीच पद्धत होती. पूर्वी नाईकाला त्याचा हक्क वसुलीच्या रूपाने मिळे. आता त्याच्या मुलाला तो पगाराच्या रूपाने मिळू लागला, आणि हुकूम देणारा बदलला.

१८३५ मध्ये औट्रमची गुजरातेत बदली झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस आपली मामेबहीण मार्गारेट अँडरसन हिच्याशी त्याचा विवाह झाला. १८३८ पर्यंत तो महीकांठ्याचा राजकीय प्रतिनिधी होता. त्याने उभारलेली पलटण मात्र खानदेशात कायम राहिली. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्लांनी उठाव केला, तेव्हा ही पलटण सरकारच्या बाजूने लढली. पुढे ती पोलीस दलात विलीन करण्यात आली.

अफगाणिस्तान

१८३८ मध्ये शाह शुजा याला काबूलच्या गादीवर बसवण्यासाठी कंपनीने अफगाणिस्तानवर स्वारी केली. औट्रम मुंबईच्या फौजेचा सेनापती सर जॉन कीन याच्या निकटच्या अधिकाऱ्यांत होता. २३ जुलै १८३९ रोजी गझनी पडल्यावर पळून गेलेल्या अमीर दोस्त मुहम्मदाचा पाठलाग करण्यासाठी त्याला धाडण्यात आले. सोबत दिलेल्या अफगाण सरदाराने मुद्दाम वेळ दवडला व अमीर निसटला. नोव्हेंबरात कलात घेतल्यानंतर औट्रमने अफगाणी वेश करून अनोळखी वाळवंटी मुलखातून सोनमियानी बंदरापर्यंत सुमारे ३६० मैलांचा प्रवास आठ दिवसांत केला.

१८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघारी निघालेले इंग्रजी सैन्य व त्याच्याबरोबरचे हजारो बाजारबुणगे वाटेतच नष्ट झाले. शाह शुजा मारला गेला. ज्याला पदच्युत करण्यासाठी हे युद्ध झाले होते, त्या दोस्त मुहम्मदाला इंग्रजांनी सोडून दिले आणि तो पुन्हा काबूलच्या गादीवर बसला. तीन वर्षांचा रक्तपात व कोट्यवधींचा खर्च झाल्यावर परिस्थिती मूळ पदावर आली.

सिंधचा वाद आणि ‘पंच’

१८३९ पासून औट्रम सिंधमध्ये राजकीय प्रतिनिधी होता. अफगाण युद्धात नाचक्की झाल्यानंतर गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने सिंधच्या अमिरांवर नव्या, अधिक कडक अटी लादल्या आणि सर्व लष्करी व राजकीय अधिकार सर चार्ल्स नेपियर याच्याकडे सोपवले. औट्रमचे पद रद्द झाले. त्याच्या निरोपाच्या मेजवानीत नेपियरने त्याची तुलना बेयार या निष्कलंक फ्रेंच वीराशी केली व भारताचा बेयार ही उपाधी त्याला कायमची चिकटली. लवकरच त्याला वाटाघाटींसाठी परत बोलावण्यात आले. अमीर करार पाळू इच्छितात, मुदत दिल्यास युद्ध टळू शकते, असे औट्रमचे मत होते. नेपियर मात्र पुढे सरकत राहिला. सिंध घेण्याचा आपल्याला हक्क नाही, तरी तो आपण घेऊ, अशा आशयाची नोंद त्याने स्वतःच्या रोजनिशीत केली होती.

१५ फेब्रुवारी १८४३ रोजी बलुची सैन्याने हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. युद्ध टाळण्याची खटपट करणाऱ्या औट्रमलाच मूठभर शिपायांनिशी काही तास लढावे लागले. नंतर तो आगबोटीतून निसटला. दोनच दिवसांनी मियाणी येथे व पुढच्या महिन्यात हैदराबादजवळ नेपियरने अमिरांचा पराभव केला आणि सिंध खालसा झाला. लुटीच्या वाट्यातून नेपियरला प्रचंड रक्कम मिळाली. औट्रमच्या वाट्याला सुमारे ३,००० पौंड आले. अन्यायाने मिळालेला पैसा आपण घेणार नाही, अशी भूमिका घेऊन त्याने ही रक्कम धर्मादाय संस्थांना वाटून टाकली. त्यानंतर नेपियरचा भाऊ विल्यम याने सिंधविजयाचा गौरव करणारा ग्रंथ लिहिला. औट्रमने १८४६ मध्ये त्याचे खंडन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पूर्वीच्या मित्रांमधील हे वैर कधीच मिटले नाही.

या प्रकरणावरील सर्वांत गाजलेले भाष्य १८ मे १८४४ च्या ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात आले. नेपियरने सिंध जिंकल्याचे वृत्त ‘पेक्कावी’ या एकाच लॅटिन शब्दात कळवले, अशी ती थट्टेची बातमी होती. या शब्दाचा अर्थ मी पाप केले आहे असा होतो, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर कानाला मी सिंध घेतला आहे असे ऐकू येते. हा विनोद कॅथरीन विंकवर्थ या सोळा वर्षांच्या मुलीने सुचवला होता. पुढे ती जर्मन स्तोत्रांची भाषांतरकार म्हणून प्रसिद्ध झाली. नेपियरने असा खलिता कधीही पाठवला नाही. तरीही ही कोटी खरी घटना म्हणून अनेक पुस्तकांत शिरली. औट्रमने शेकडो पृष्ठांत जे मांडले, ते या एका शब्दाने वाचकांपर्यंत अधिक पोहोचवले.

कोल्हापूर, सावंतवाडी आणि बडोदे

१८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातील सामानगड, भुदरगड, पन्हाळा इत्यादी किल्ल्यांवरील गडकऱ्यांनी बंड केले. किल्ल्यांची राखण करण्याचे त्यांचे वंशपरंपरागत काम व त्याबद्दलच्या जमिनींचे हक्क नव्या कारभारात धोक्यात आले होते. खानदेशातील घाटरक्षक नाईकांच्या गाऱ्हाण्याशी या तक्रारीचे बरेच साम्य आहे. खानदेशात भिल्ल एजंट म्हणून काम केलेला कर्नल ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती सापडला व काही काळ पन्हाळ्यावर कैदेत होता. औट्रमने सामानगड व पन्हाळ्याच्या लढायांत भाग घेतला आणि पुढे सावंतवाडीच्या रानात मनोहर व मनसंतोष या गडांकडे बंडवाल्यांचा पाठलाग केला.

१८४५ मध्ये सातारा व १८४७ मध्ये बडोदे येथे तो रेसिडेंट झाला. बडोद्याच्या दरबारात मुंबई सरकारच्या कचेऱ्यांतील माणसांना लाच देऊन निकाल फिरवले जात, असा समज सर्वत्र होता. या प्रकारांना तेव्हाच्या इंग्रजी पत्रव्यवहारात ‘खटपट’ हाच देशी शब्द वापरला जाई. औट्रमने १८५१ मध्ये त्यावर स्पष्ट अहवाल पाठवला. मुंबई सरकारने अहवालाची भाषा उद्धट ठरवून त्यालाच बडोद्यातून काढले. पुढे कंपनीच्या संचालकांच्या आग्रहामुळे १८५४ मध्ये त्याची तेथे पुन्हा नेमणूक झाली. त्यानंतर एडनचे काम थोडा काळ सांभाळून तो त्याच वर्षाच्या अखेरीस लखनौचा रेसिडेंट झाला.

अवधचे खालसाकरण

अवधच्या नवाबांनी १८०१ च्या तहानंतर कंपनीशी युद्ध केले नव्हते. उलट तिला वेळोवेळी मोठी कर्जे दिली होती. राज्यातील गैरकारभाराची कारणे दाखवून लॉर्ड डलहौसी याने ते ताब्यात घेण्याचे ठरवले. औट्रमने १८५५ मध्ये पाठवलेल्या अहवालात आधीचा रेसिडेंट स्लीमन याच्या गैरकारभारविषयक निष्कर्षांना दुजोरा दिला. सिंधच्या वेळी करारांच्या पावित्र्यावर भर देणाऱ्या औट्रमने या वेळी करार मोडणाऱ्या निर्णयाला साथ दिली.

४ फेब्रुवारी १८५६ रोजी तो नवीन तहाचा मसुदा घेऊन वाजिद अली शाहच्या भेटीस गेला. सही केल्यास राजाला वर्षाला बारा लाख रुपयांचा तनखा मिळणार होता. राजाने आपल्या तोफा आधीच उतरवून ठेवल्या होत्या व पहारेकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली होती. त्याने डोक्यावरील पगडी उतरवून औट्रमच्या हाती ठेवली आणि सही करण्यास नकार दिला. तीन दिवसांची मुदत संपल्यावर, ७ फेब्रुवारीला, अवध खालसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. एकही गोळी न झाडता मोठे राज्य गेले. औट्रम अवधचा पहिला चीफ कमिशनर झाला. ‘पंच’ने पुढच्याच महिन्यात जुन्या कोटीला जोड दिली. या वेळी डलहौसीच्या तोंडी मी शपथ घेतली आहे अशा अर्थाचा लॅटिन शब्द घालून अवध या नावाच्या इंग्रजी उच्चारावर श्लेष साधला होता.

इराणचे युद्ध

प्रकृती बिघडल्याने औट्रम १८५६ मध्ये इंग्लंडला गेला. परंतु इराणशी युद्ध सुरू होताच त्या मोहिमेचे सेनापतिपद त्याला मिळाले. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी खुशाब येथे झालेल्या लढाईच्या आरंभी तो घोड्यासह पडून बेशुद्ध झाला. लढाई त्याच्यावाचून जिंकली गेली. मार्चच्या मध्यास बुशहर येथे फौजेच्या एका सेनापतीने व आरमारप्रमुखाने काही दिवसांच्या अंतराने आत्महत्या केली. २६ मार्चला औट्रमच्या नेतृत्वाखाली मोहम्मरा जिंकण्यात आले. वस्तुतः दोन्ही देशांत पॅरिस येथे ४ मार्चलाच तह झाला होता. ही वार्ता इराणी आखातात पोहोचेपर्यंत तहानंतर तीन आठवड्यांनी माणसे मरत होती.

लखनौ, १८५७-५८

उठावाची बातमी कळताच औट्रम परतला. कानपूर ते लखनौ या मार्गावरील सैन्याचे नेतृत्व त्याच्याकडे दिले गेले. तथापि आधीपासून लढत असलेल्या हॅवलॉककडून श्रेय हिरावून घेणे त्याला प्रशस्त वाटले नाही. रेसिडेन्सीपर्यंत पोहोचेपर्यंत त्याने आपला वरचा हुद्दा बाजूस ठेवला आणि तो घोडदळात स्वयंसेवक म्हणून हॅवलॉकच्या हाताखाली लढला. २५ सप्टेंबर रोजी सुमारे पाचशे माणसे गमावून ही फौज रेसिडेन्सीत शिरली. मात्र बाहेर पडण्याइतके बळ तिच्यापाशी उरले नव्हते. सुटका करण्यास आलेले सैन्यच वेढ्यात अडकले व आणखी दोन महिने तेथे राहिले. नोव्हेंबरात सर कॉलिन कॅम्पबेलने त्यांची सुटका केली. हॅवलॉकचा लगेच आजाराने मृत्यू झाला. त्यानंतर मार्चपर्यंत औट्रमने सुमारे चार हजार सैनिकांनिशी आलमबागेची छावणी राखली.

मार्च १८५८ मध्ये लखनौवर अखेरचा हल्ला झाला, तेव्हा गोमतीवरील लोखंडी पूल ओलांडून बंडवाल्यांची वाट अडवण्याची परवानगी औट्रमने मागितली. एकही माणूस गमवावा लागणार असेल तर पूल ओलांडू नये, असा हुकूम कॅम्पबेलने दिला. परिणामी बेगम हजरतमहलचे हजारो सैनिक शहरातून निसटले आणि अवधचे युद्ध आणखी वर्षभर चालले. याच सुमारास गव्हर्नर जनरल कॅनिंग याने मोजके तालुकदार वगळता अवधमधील सर्व जमीन जप्त करण्याचे फर्मान काढले. या फर्मानाने लोक निकराने लढतील, असा इशारा देऊन औट्रमने विरोध केला व त्यात काही सवलती घालून घेतल्या.

अखेरची वर्षे

१८५८ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला व कलकत्त्यास सर्वोच्च मंडळावर त्याची नेमणूक झाली. दम्याने व श्रमांनी खचून तो १८६० मध्ये मायदेशी परतला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो येथे त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन करण्यात आले.

साहित्यातील प्रतिमा

औट्रमची आरंभीची साहित्यिक प्रतिमा गौरवपर आहे. टेनिसनने लखनौच्या बचावावरील आपल्या कवितेत हॅवलॉकबरोबर त्याचे नाव गुंफले. एफ. जे. गोल्डस्मिड याने १८८० मध्ये त्याचे दोन खंडांचे चरित्र लिहिले. या लेखनात शौर्य, उदारता व स्वार्थत्याग हे गुण ठळक आहेत. ज्या युद्धांत ते प्रकट झाले, त्यांच्या प्रयोजनाची चिकित्सा मात्र गौण आहे.

त्या चिकित्सेचे काम उपहासाने केले. प्रेमचंद यांची ‘शतरंज के खिलाडी’ ही कथा १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अवधचे राज्य जात असताना मिर्झा व मीर हे दोन जहागीरदार बुद्धिबळात गुंग आहेत. कंपनीची फौज शहरात येते, राजा कैद होतो, तरी त्यांचा डाव मोडत नाही. खऱ्या राजासाठी तलवार न उपसणारे हे सरदार अखेर लाकडी वजिरावरून भांडतात आणि एकमेकांना ठार करतात. औट्रम या कथेत पात्र म्हणून वावरत नाही. उपहासाचा रोख लखनौच्या विलासी सरदारवर्गावर आहे.

सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये याच नावाचा चित्रपट काढला आणि उपहासाची दुसरी बाजू पुढे आणली. त्यात रिचर्ड ॲटनबरो यांनी औट्रमची, तर अमजद खान यांनी वाजिद अली शाहची भूमिका केली. चित्रपटातील औट्रम कर्तव्यदक्ष पण अस्वस्थ आहे. ज्या कारवाईला न्याय्य आधार नाही हे त्याला कळते, ती तो निमूटपणे पार पाडतो. मूळ कथेचा शेवटही राय यांनी बदलला. दोघे मित्र मरत नाहीत. ते जलद चालीच्या इंग्रजी नियमांनी नवा डाव मांडतात. जॉर्ज मॅकडॉनल्ड फ्रेझर यांच्या फ्लॅशमन मालिकेतील १९७५ च्या कादंबरीतही १८५७ चे युद्ध एका भित्र्या, दांभिक अधिकाऱ्याच्या नजरेतून दाखवून वीरगाथांची रेवडी उडवली आहे.

मूल्यमापन

औट्रमची वैयक्तिक सचोटी त्याच्या टीकाकारांनीही मान्य केली आहे. त्याने लुटीचा पैसा नाकारला, लाचखोरी उघडकीस आणताना पदावर पाणी सोडले आणि सहकाऱ्याच्या श्रेयासाठी आपला अधिकार दूर ठेवला. परंतु त्याने जेथे जेथे विरोध नोंदवला, तेथे अंतिम निकाल बदलला नाही. सिंध गेला, अवधही गेले. खानदेशातील त्याचे काम अनेक इतिहासकारांनी दंडाऐवजी विश्वासावर आधारलेले धोरण म्हणून वाखाणले आहे. तीस वर्षांनंतर सातपुड्यात भिल्लांविरुद्ध भिल्ल उभे राहिले, तेव्हा त्या विश्वासाची दुसरी बाजू स्पष्ट झाली. चरित्रकार त्याला युद्धाचा नायक मानतात, तर उपहासकारांना त्याच्या काळातील युद्धे व राज्यहरणे विसंगतीने भरलेली दिसतात. त्याचे आयुष्य समजून घेण्यासाठी ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावी लागतात.

स्मारके

लंडनमध्ये थेम्सच्या काठावर औट्रमचा पुतळा आहे. जॉन फोली याने घडवलेला त्याचा अश्वारूढ पुतळा कोलकात्यातील व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे. कोलकात्यात हुगळीवरील एका घाटाला त्याचे नाव आहे. महाराष्ट्रात चाळीसगाव व कन्नड यांना जोडणारा सातमाळ्यातील रस्ता औट्रम घाट किंवा कन्नड घाट या नावांनी ओळखला जातो. त्याच्या जुन्या भिल्ल शिपायांना एकदा एक ओबडधोबड मूर्ती सापडली, तिच्यात त्यांना आपल्या साहेबाचा चेहरा दिसला व त्यांनी तिची पूजा सुरू केली, अशी आख्यायिका त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे.